गांवाच्या प्रगतीचा काटा

कापसाच्या मुलुखांत मापाची गोष्ट कोणाला शिकवावी लागत नाहीं. हिंगणघाटच्या बाजारांत गाडी उभी राहिली कीं शेतकरी प्रथम काट्याकडे पाहतो, मग प्रत ठरविणाऱ्याच्या चेहऱ्याकडे, आणि शेवटीं भावाकडे. भाव चढा असून काटा खोटा असला तर पदरांत कांहीं पडत नाहीं, हें त्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. प्रत कोणत्या आधारानें ठरली, ओल किती धरली, कटती कां कापली, हें विचारतांना तो संकोच करीत नाहीं. परंतु हाच शेतकरी ग्रामसभेंत बसला आणि त्याच्या गांवानें शंभरांपैकीं अमुक गुण मिळविले असें कोणी वाचून दाखविलें, म्हणजे तो तें निमूटपणें ऐकतो आणि घरीं जातो. तेथें काटा कोणाचा व वजन कोणीं केलें, हें विचारावें असें त्याच्या मनांत येत नाहीं. गांवाचा माल इतक्या सहजपणें कां तोलूं द्यावा, हा ह्या भाषणाचा विषय आहे.

वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट तालुक्यांत, नागपूरहून हैद्राबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वडनेर आहे. नाशिककडचें वडनेर भैरव वेगळें, बुलढाण्याचें वडनेर भोलजी वेगळें. ह्या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत, आणि एकाचा आंकडा दुसऱ्याच्या नांवावर चढूं नये म्हणून सरकारी दप्तरांत आतां प्रत्येक गांवाला स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. क्रमांकांची मौज वडनेरकरांना ठाऊक आहेच. त्यांच्या रस्त्याला कित्येक वर्षें सात नंबरचा रस्ता म्हणत. 2010 सालीं देशांतील महामार्गांची पुन्हां मोजदाद झाली व तो 44 नंबरचा झाला. नंबर बदलला म्हणून रस्ता रुंद झाला नाहीं कीं अरुंद झाला नाहीं. आंकडा आणि वस्तु ह्यांचा संबंध कोणी तरी लावून द्यावा लागतो. तो आपोआप लागत नाहीं.

गांवाला ध्येयें असावींत आणि त्यांच्याकडे किती वाटचाल झाली तें दर वर्षीं मोजावें, ही कल्पना दिसते तितकी नवी नाहीं. मालगुजारीच्या काळीं पटवाऱ्याच्या दप्तरांत गांव पुरतेपणीं मोजलेलें असे. जमीन किती, पड किती, विहिरी किती, कोणत्या शेतांत कोणतें पीक, सारा किती. ही मोजणी काटेकोर होती, कारण सरकारला सारा हवा होता. ज्याला जें हवें तें तो नीट मोजतो. त्या दप्तरांत माणसांना दोन वेळां पोटभर मिळतें कीं नाहीं, मुलें शाळेंत जातात कीं नाहीं, ह्याला रकाना नव्हता. आणि नव्हता ह्याचें आश्चर्यहि कोणाला वाटलें नाहीं.

हा रकाना उघडण्याचा पहिला मोठा प्रयत्न ह्याच जिल्ह्यांतून झाला, ही गोष्ट वर्ध्याच्या लोकांनीं विसरूं नये. डिसेंबर 1934 मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत होतें, व डॉ. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस होते. कुमारप्पा शिक्षणानें हिशेबतपासनीस. त्यापूर्वींच त्यांनीं गुजराथेंतील मातर तालुक्याची घरोघर जाऊन आर्थिक पाहणी केली होती. पुढें मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनें नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष झाले. त्या समितीनें सहाशेंच्या वर खेडीं पाहिलीं आणि 1939 सालीं अहवाल दिला. ह्या पाहणीचा रोख निराळा होता. खेड्यांतून सरकारला काय मिळतें हें न पाहतां खेड्यांतल्या माणसाच्या हातीं काय उरतें हें पाहावयाचें, आणि त्यावरून काय करावयाचें तें ठरवावयाचें. हिशेबतपासनीसाला जमाखर्चाची वही कोणाच्या बाजूनें लिहिली आहे हें पहिल्या पानावर कळतें. कुमारप्पांनीं वहीची बाजूच फिरविली.

त्यानंतरचा इतिहास भरभर सांगतां येण्याजोगा आहे. मध्यप्रांतांत 1948 सालीं जनपद सभा आल्या. 1951 सालीं मालगुजारी गेली. 1956 सालीं वर्धा जिल्हा मुंबई राज्यांत आला. ग्रामपंचायतींचा आजचा कायदा 1958 चा, आणि जिल्हा परिषदा 1 मे 1962 पासूनच्या. 1993 सालच्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें पंचायतींना आर्थिक विकास व सामाजिक न्याय ह्यांच्या योजना आंखण्याचें काम सोंपविण्याची वाट घटनेंतच घालून दिली, आणि अकराव्या परिशिष्टांत 29 विषय नेमून दिले. योजना करण्याचा अधिकार मिळाला. पैसा थेट ग्रामपंचायतीच्या हातीं मोठ्या प्रमाणावर येऊं लागला तो 2015 नंतर, चौदाव्या वित्त आयोगामुळें. महाराष्ट्रांत 'आमचं गांव, आमचा विकास' ह्या नांवानें गांवोगांव आराखडे होऊं लागले ते तेव्हांपासून.

त्याच सालीं, सप्टेंबर 2015 मध्यें, संयुक्त राष्ट्रसंघानें 2030 सालापर्यंत गांठावयाचीं 17 ध्येयें व त्यांखालचीं 169 उद्दिष्टें मान्य केलीं. न्यूयॉर्कला ठरलेलीं हीं ध्येयें वडनेरच्या चावडीपर्यंत यावयाचीं तर त्यांचें रूप बदलणें भाग होतें. भारताच्या पंचायत राज मंत्रालयानें त्यांचे नऊ विषय केले: गरिबी हटलेलें गांव, निरोगी गांव, मुलांना जपणारें गांव, पाण्यानें पुरें गांव, स्वच्छ व हिरवें गांव, सोयींनीं स्वयंपूर्ण गांव, सामाजिक सुरक्षितता असलेलें गांव, चांगल्या कारभाराचें गांव आणि स्त्रियांना अनुकूल गांव. प्रत्येक ग्रामपंचायतीनें ह्यांतील विषय निवडून संकल्प करावयाचा, आराखड्यांत कामें धरावयाचीं, आणि वर्षाच्या शेवटीं किती पुढें गेलों तें दाखवावयाचें.

दाखविण्यासाठीं जो काटा तयार झाला त्याला पंचायत प्रगति निर्देशांक म्हणतात. त्याच्या पहिल्या फेरींत 435 निर्देशक होते व त्यांसाठीं 566 प्रकारची माहिती गोळा झाली. 2022-23 ह्या वर्षाचा पहिला निकाल एप्रिल 2025 मध्यें प्रसिद्ध झाला. देशांतल्या सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायतींपैकीं 2,16,285 पंचायतींची माहिती तपासून धरण्यांत आली. नव्वदांच्या वर गुण मिळवून पहिल्या प्रतींत बसलेली एकहि पंचायत निघाली नाहीं. पंचाहत्तर ते नव्वद ह्या दुसऱ्या प्रतींत 699 आल्या. साठ ते पंचाहत्तर गुणांच्या 77,298. चाळीस ते साठ ह्या वर्गांत 1,32,392, म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि चाळीसच्या खालीं 5,896. ह्या निकालाबद्दल एक गोष्ट मोकळेपणानें म्हणावी लागेल. पहिल्या प्रतींत कोणालाहि न बसविण्याचें धैर्य ज्या परीक्षेंत आहे ती अगदींच दिखाऊ नव्हे. सरकारी परीक्षांत सर्वांना पहिला वर्ग देण्याचा मोह मोठा असतो.

तरीहि काट्याची परीक्षा व्हावयास हवीच, आणि ती पाण्यापासून सुरू केलेली बरी. 15 ऑगस्ट 2019 रोजीं जल जीवन मिशन जाहीर झालें तेव्हां खेड्यांतील दर घरीं नळ व दर माणशीं रोज 55 लिटर पाणी हें ध्येय ठेवण्यांत आलें. पांच माणसांच्या घराला हें 275 लिटर होतें. वऱ्हाड-वर्ध्याकडच्या बायकांच्या मापानें, पंधरा लिटरांचा गुंड धरला तर अठरा गुंड. हें माप कोणत्याहि घराला स्वतः पडताळून पाहतां येतें. त्याला ना यंत्र लागत ना इंजिनियर. परंतु वर जो आंकडा जातो तो गुंडांचा नसतो, नळांचा असतो. किती घरांना तोटी बसली, हें मोजणें सोपें. तोटीला पाणी किती आलें, हें मोजणें कष्टाचें. म्हणून पहिलें मोजलें जातें आणि दुसऱ्याच्या जागीं लिहिलें जातें. काम झालें ही एक गोष्ट, आणि कामाचा उपयोग झाला ही दुसरी; पण तक्त्यांत दोघींचा रकाना एकच असला तर पहिली दुसरीला केव्हां गिळून टाकते तें कोणाला कळतहि नाहीं.

सरासरीची करामत तर ह्याहून पुढची आहे. समजा, एका गांवांत सारख्या आकाराचीं शंभर घरें आहेत. टांकीजवळच्या सत्तर घरांना दर माणशीं ऐंशीं लिटर पाणी मिळतें, आणि पाइपाच्या टोंकाला, उतार संपून चढ लागतो तेथल्या तीस घरांना थेंबहि मिळत नाहीं. सत्तर गुणिले ऐंशीं म्हणजे छपन्नशें. शंभरांनीं भागले तर छप्पन. पंचावन्नाचें ध्येय गांवानें एक लिटर जास्त देऊन गांठलें! हिशेबांत कोठेंहि लबाडी नाहीं. लेखनिकानें गुणाकार बरोबर केला, भागाकार बरोबर केला. आणि चैत्र-वैशाखांत त्या तीस घरांतल्या मुली सकाळची शाळा बुडवून दुसऱ्याच्या विहिरीवर उभ्या राहिल्या. पाइपाचें टोंक कोणत्या वस्तींत येतें हें प्रत्येक गांवाला ठाऊक असतें, आणि तें बहुतेक कोणाच्या वाट्याला येतें हेंहि ठाऊक असतें. अशा वेळीं पाण्याच्या विषयांत गुण चढतात व मुलांच्या विषयांत, स्त्रियांच्या विषयांत गुण उतरतात. मग नऊ विषयांची बेरीज करून एक आंकडा काढला कीं चढउतार एकमेकांत मिसळून जातात. गांवाला एकच गुण देणें हें रोग्याला एकच औषध देण्यासारखें आहे. ज्याला गांव सुधारावयाचें आहे त्यानें बेरजेकडे पाहूं नये. नऊ विषयांपैकीं सर्वांत कमी कोठें, आणि त्या विषयांत सर्वांत मागें कोणती वस्ती, एवढेंच पाहावें.

शहरांना हा अनुभव आधीं येऊन गेला आहे. केंद्र सरकारच्या नगरविकास खात्यानें 2008 सालीं नगरपालिका व महानगरपालिका ह्यांच्यासाठीं सेवांचीं मापें ठरवून दिलीं. पाणी, मैला, केरकचरा व पावसाळी गटारें ह्या चार सेवा आणि त्यांचे 28 निर्देशक. पाणी दर माणशीं 135 लिटर, तेंहि चोवीस तास. वाटेंत गळून किंवा हिशेबाबाहेर जाणारें पाणी शेंकडा 20 च्या आंत. हीं ध्येयें आपल्याकडील बहुतेक शहरांना दूरचींच ठरलीं. परंतु त्या पुस्तकांत एक फार शहाणपणाची योजना होती व तिच्याकडे पुरेसें लक्ष गेलें नाहीं. प्रत्येक आंकड्यापुढें त्या आंकड्याचीच प्रत लिहावयाची: अ, ब, क किंवा ड. पाणी मीटर लावून मोजलें असेल तर वरची प्रत. पंप किती तास चालला त्यावरून अंदाज बांधला असेल तर खालची. म्हणजे शंभर टक्के पाणीपुरवठा झाला असें नगरपालिकेनें लिहिलें आणि शेजारीं 'ड' लिहिलें, तर वाचणाऱ्याला तें शंभर किती हलक्या दाण्याचें आहे हें लगेच कळावें. कापसाची प्रत पाहणारा हा मुलूख. आंकड्याचीहि प्रत असते ही गोष्ट येथें समजावयास जड जाऊं नये. खेड्यांच्या काट्यांत वरिष्ठांकडून माहिती तपासून घेण्याची पायरी आहे, पण ही माहिती कशी गोळा केली हें गांवकऱ्यापुढें एका अक्षरांत मांडण्याची ही साधी युक्ति घेतली तर फार उपयोग होईल.

कारण माहिती गोळा कशी होते? ग्रामसेवक, ज्याला महाराष्ट्रांत 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणूं लागले, त्याच्याकडे कित्येकदां एकाहून अधिक गांवांचा कारभार असतो. अंगणवाडी सेविकेच्या वहींत मुलांचीं वजनें, आशा कार्यकर्तीच्या वहींत गरोदर स्त्रियांची नोंद, मुख्याध्यापकाच्या हजेरीपत्रकांत शाळेची, तलाठ्याकडे पिकांची. ह्या वह्या खऱ्या आहेत, कारण त्या रोजच्या रोज, माणसासमोर माणूस असतांना लिहिल्या जातात. परंतु वर्षाच्या शेवटीं वरून निरोप येतो, मुदत दोन दिवसांची असते, आणि संगणक परिचालक रकाने भरावयास बसतो. त्या वेळीं ज्या रकान्यासाठीं वही हाताशीं नाहीं तो रकाना रिकामा कसा ठेवावा? रिकामा रकाना दिसतो. अंदाजानें भरलेला दिसत नाहीं. येथें दोष त्या बिचाऱ्याचा नव्हे. माहिती भरणें हें काम धरलें जातें आणि माहिती मिळविणें हें काम धरलें जात नाहीं, तेथें असेंच व्हावयाचें.

स्पर्धेचा प्रकार ह्याच्या जोडीला आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान महाराष्ट्रांत 2000-01 सालीं सुरू झालें आणि त्यानें खेड्यांचें रूप बदलण्यास मोठा हातभार लावला, हें निर्विवाद आहे. स्वतः हातांत झाडू घेणाऱ्या गाडगेबाबांचें नांव त्याला शोभलें. पण तपासणीची समिति यावयाची म्हणून गांव लग्नघरासारखें सजवावयाचें, आणि समितीच्या गाड्यांची धूळ खालीं बसेपर्यंतच तें तसें राहावयाचें, असेंहि पुष्कळ ठिकाणीं झालें. बाहेरचा परीक्षक एक दिवस पाहतो. गांवकरी उरलेले तीनशें चौसष्ट दिवस पाहतो, पण त्याच्या पाहण्याला गुण नाहींत.

मोजणी गांवकऱ्याच्या हातीं आली कीं काय होतें, ह्याचें उदाहरण नगर तालुक्यांतील हिवरे बाजारनें घालून दिलें. पोपटराव पवार तेथें 1989 सालीं सरपंच झाले. पाऊस थोडा, जमीन हलकी, माणसें कामासाठीं बाहेर. तेथें बांधबंदिस्ती झाली, झाडें लागलीं, चराईबंदी झाली. हें सर्व पुष्कळांनीं ऐकलें आहे. ऐकण्याजोगी दुसरी गोष्ट आहे ती पाण्याच्या अंदाजपत्रकाची. त्या गांवांत पावसाचें माप गांवच ठेवतें, विहिरींची पातळी गांवच पाहतें, आणि दर वर्षीं एकत्र बसून हिशेब करतें: एवढें पाणी पडलें, त्यांतून माणसांना व जनावरांना पिण्यास एवढें, आणि उरलें तें शेताला. पाऊस तुटीचा असेल त्या वर्षीं जास्त पाणी पिणारीं पिकें घ्यावयाचीं नाहींत. ऊस व केळी नकोत, शेतीसाठीं कूपनलिका नको, हे निर्बंध गांवानें स्वतःवर घातले. तेथें आंकडा वर पाठविण्यासाठीं काढीत नाहींत. त्यावर पुढच्या हंगामाची पेरणी अवलंबून असते. आंकडा चुकला तर शिक्षा वरिष्ठांकडून येत नाहीं, रब्बीच्या शेतांतून येते. असा आंकडा कोणी अंदाजानें भरीत नाहीं.

वडनेरसारख्या काळ्या जमिनीच्या, कापूस-सोयाबिनाच्या गांवाला हिवरे बाजारची नक्कल करून चालणार नाहीं. पाऊस निराळा, माती निराळी, हमरस्त्यावरच्या गांवाचे प्रश्नहि निराळे: वाहनें, अपघात, सडकेच्या बाजूच्या दुकानांचा केर. परंतु आपलें आपण मोजावयाचें हा भाग उचलण्यास माती आड येत नाहीं. आणि त्यासाठीं लागणारें दप्तर ग्रामपंचायतींत आधींपासूनच आहे. नमुना नंबर 8 म्हणजे घरांवरील कर आकारणीची वही, नमुना 9 म्हणजे कर मागणीची, नमुना 10 म्हणजे पावती. मागणी किती, वसूल किती, थकबाकी किती, हें तीन ओळींत निघतें. हे आंकडे रोकडवहीशीं जुळवून पाहतां येतात, म्हणून ते सहसा खोटे होऊं शकत नाहींत. आणि गांवाचा आपल्या पंचायतीवर किती विश्वास आहे हें त्यांतून जेवढें कळतें तेवढें कोणत्याहि निर्देशांकांतून कळत नाहीं. नळाला पाणी नसलेलें घर पाणीपट्टी भरीत नाहीं. थकबाकीची यादी वस्तीवार मांडली तर पाइपाचें टोंक कोठें आहे तें इंजिनियराला न बोलावतां दिसूं लागतें.

पैशाच्या बाबतींतहि असेंच आहे. पंधराव्या वित्त आयोगानें 2021 ते 2026 ह्या काळासाठीं दिलेल्या अनुदानांतील शेंकडा 60 रक्कम पाणी व स्वच्छता ह्यांसाठीं बांधून दिली होती. तिला बंधित निधि म्हणत. उरलेल्या 40 चें काय करावयाचें तें गांवानें ठरवावयाचें होतें. पाण्याचें खरें माप ज्या गांवापाशीं नाहीं त्यानें हा साठांचा वाटा कोठें घालावा? जेथें आधींच पाणी आहे तेथें दुसरी टांकी बांधणें हें सर्वांत सोपें काम असतें, कारण तेथें जागा मिळते, रस्ता असतो आणि मागणारीं माणसेंहि वजनदार असतात.

हा प्रश्न विचारण्याची जागा कायद्यानें ठरवून दिलेली आहे. ग्रामसभेला मतदारांपैकीं शेंकडा 15 किंवा 100 जण, ह्यांपैकीं जी संख्या कमी असेल ती, हजर हवी. तेवढी जमली नाहीं तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला पुन्हां गणपूर्तीची अट राहत नाहीं. ह्या एका सवलतीनें पुष्कळ गांवांचे आराखडे मंजूर झाले आहेत. दहापांच माणसें, सह्यांची वही, आणि चहा. ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची सभा घ्यावी असाहि नियम आहे, आणि पाण्याच्या हिशेबाला खरे जाणकार तेथेंच भेटतात. पण ती सभा पुष्कळदां मुख्य सभेच्या आधीं अर्धा तास कागदावर उरकते. अठरा गुंडांचा प्रश्न ज्यांना विचारावयाचा त्यांना तो विचारला जाण्यापूर्वींच उत्तर लिहून झालेलें असतें.

वडनेरच्या पुढच्या महिला सभेंत एवढें एक काम धरलें तरी पुरे. वस्तीवार दहा दहा घरें निवडावीं; टोंकाचीं घरें त्यांत असलींच पाहिजेत. वैशाखाच्या एका आठवड्यांत त्या घरांत रोज किती गुंड पाणी नळानें आलें तें त्या घरच्या बाईनें खडूनें दारामागें लिहून ठेवावें. आठवडा संपला कीं शाळेच्या वरच्या वर्गांतल्या मुलांनीं तें वहींत उतरून घ्यावें, सरासरी न काढतां, घरासमोर घराचा आंकडा. ती यादी पंचायतीच्या फळ्यावर, वर पाठविलेल्या तक्त्याच्या शेजारीं लावावी, आणि तक्त्यांतील पाण्याच्या आंकड्यापुढें अ, ब, क, ड ह्यांपैकीं एक अक्षर ग्रामसभेनें हात वर करून घालावें. मग तें अक्षर वजा करावयाचें असेल तर सरपंचानें उभें राहून कारण सांगावें.